खांदा शिपायाचा, कागद साहेबाचा

फौजेतून घरी येणाऱ्या शिपायाच्या हाती शेवटच्या दिवसांत कागदांची चळत पडते. त्यात वैद्यकीय मंडळाचा एक कागद असतो आणि त्या कागदावर इंग्रजीत एक ओळ असते. तिचा अर्थ असा की, सदर अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही व लष्करी सेवेमुळे वाढलेलेही नाही. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेतली तर एन-ए-एन-ए, म्हणजे 'नाना' असा शब्द होतो. नाव मोठे घरगुती आहे. पण या नानाने किती शिपायांच्या हक्काची पेन्शन गिळली, याचा हिशेब आपल्या समाजात कुणी मांडलेला नाही. आम्ही आज तो थोडासा मांडणार आहोत, आणि तोही फक्त एका अवयवापुरता. तो अवयव म्हणजे खांदा.

खांदाच का? कारण फौजेतल्या शिपायाचे सगळे आयुष्य खांद्यावर चालते. रायफल खांद्याला, पिट्ठू खांद्यावर, गोळी सुटली की तिचा धक्काही खांद्यातच. मशिनगनवाल्याच्या खांद्यावर दहा-अकरा किलोंचे लोखंड असते. रॉकेट लाँचर चालवणाऱ्याच्या खांद्यावर त्याहून जास्त. रस्सा चढायचा तो खांद्यांच्या जोरावर, आणि चूक झाली म्हणून उस्तादाने रगडा दिला तर तोही आधी खांद्यालाच कळतो. पंधरा-सतरा वर्षे हे केल्यावर खांदा झिजला, फाटला किंवा निखळू लागला तर त्याचे नाते सेवेशी नाही, असे म्हणायला मोठे धाडस लागते. ते धाडस कागदावर मात्र सहज होते.

आमच्या हुडकेश्वरात असा एक माणूस आहे. हुडकेश्वर आता नागपूर महानगरपालिकेत आले आहे. पण ज्यांनी इथे धुरा-पाणंदीचे गाव पाहिले आणि नंतर पडलेले लेआऊट पाहिले, त्यांना ठाऊक आहे की म्हाळगीनगरपासून नरसाळा-पिपळ्यापर्यंत प्लॉट घेणाऱ्यांत फौजेतून आलेली माणसे बरीच आहेत. पेन्शनची एकरकमी विक्री करून जमवलेला पैसा, त्यातून प्लॉट, त्यावर दोन खोल्या आणि मग कुठल्या तरी अपार्टमेंटच्या फाटकावर बारा तासांची ड्युटी. आमचा हा गृहस्थ त्यांपैकीच. पायदळातून नायक म्हणून १७ वर्षांनी घरी आला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट खुंटीला अडकवायचा तर डाव्या हाताने. साहेब लोकांच्या गाड्या फाटकातून आत येतात तेव्हा सलाम ठोकावा लागतो, तोही तो कोपर अर्धवट उचलून ठोकतो. त्यावरून सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्याने त्याला शिस्त नसल्याचे सुनावले होते! सतरा वर्षे फौजेत राहिलेल्या माणसाला शिस्त नाही! असो.

आम्ही त्याला विचारले की, भाऊ, खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा कागद का बनवला नाही? तो हसला. म्हणाला, "कागद कोन बनवते जी? रस्स्यावरून पडलो, खांदा सरकला. उस्तादनं तिथंच ओढून बसवून देल्ला, अन् म्हणे चल, लाईनीत लाग. एमआय रूममंदी गेलो असतो तर पोरं हासली असती."

या दोन-तीन वाक्यांत सगळा प्रश्न आला आहे. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेली गोटी. बशी उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो सांधा निखळतोही सहज. विशीतल्या जवानाचा खांदा एकदा निखळला की, आतली पकड सैल होते आणि तो पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते. पहिल्यांदा रस्सा लागतो. दुसऱ्यांदा युनिटच्या व्हॉलीबॉलचा एक स्मॅश पुरतो. पुढे झोपेत कूस बदलतानाही तो सरकतो. शिपाई इस्पितळात पोहोचतो तो तिसऱ्या-चौथ्या वेळी, जेव्हा दुसरा इलाज उरत नाही. मग इस्पितळात आजाराची सुरुवात म्हणून तारीख पडते ती त्या दिवसाची आणि ठिकाण पडते ते त्या वेळच्या छावणीचे. छावणी शांत प्रदेशातली असली की पुढे लिहायला सोपे जाते: शांत ठिकाणी उद्भवला, सेवेचा ताण नव्हता, म्हणून नाना.

आणि शिपाई इस्पितळात उशिरा का जातो? लाजेने जातो हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे की, वैद्यकीय श्रेणी खाली आली की बढतीचे कोर्स अडतात, नाईकाचा हवालदार होण्याची वाट अडते. घरी बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज. तो दुखणे लपवतो. लपवलेल्या दुखण्याची नोंद नसते, आणि नोंद नाही म्हणून निवृत्तीच्या वेळी ते दुखणे सेवेचे ठरत नाही. शिपायाने फौजेसाठी जे सोसले तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते.

इथे खांद्याची एक खास अडचण आहे. आमच्या वाचकांनी ती नीट समजून घ्यावी. पाय सुरुंगात गेला तर ती जखम आहे, यात वाद नाही. मधुमेह झाला तर तो आजार आहे, यातही वाद नाही. पण वारंवार निखळणारा खांदा, किंवा आतला स्नायू फाटून गोठलेला खांदा, ही जखम की आजार? मंडळाला दोन्ही दारे उघडी असतात आणि शिपायाला दोन्ही बंद. जखम म्हणाल तर विचारतात, जखमेचा अहवाल कुठे आहे? आयएएफवाय-२००६ नावाचा तो फॉर्म असतो. तो शिपाई भरत नाही, त्याचा कमांडिंग ऑफिसर भरून सही करतो. बरे, आजार म्हणाल तर सांगतात, हा तुझ्या शरीराच्या घडणीचा दोष आहे, तुझे स्नायूच जन्मतः सैल. म्हणजे भरतीच्या दिवशी ज्या छातीला, ज्या खांद्याला फौजेच्याच डॉक्टरांनी तपासून पास केले, तोच खांदा निवृत्तीच्या दिवशी जन्मापासून सदोष निघतो!

नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. प्लॉट आपला, त्यावर आपण पंचवीस वर्षे राहतो, कर भरतो, पण आरएल लेटर नाही म्हणून बँक दारात उभे करीत नाही. तसे हे आहे. खांदा आपला, दुखणे आपले, पण साहेबाच्या सहीचा कागद नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कायदा शिपायाच्या बाजूने आहे, हेच या प्रकरणातले नवल. १९८२ च्या हक्क नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की, भरतीच्या वेळी कुठल्या व्याधीची नोंद केलेली नसेल तर तो माणूस धडधाकट होता असे धरावे, आणि पुढे त्याची प्रकृती खालावली तर ती सेवेमुळे असे मानावे. नववा नियम त्याहून स्पष्ट आहे. हक्क सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर टाकू नये, वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यावा. बाराव्या नियमात कर्तव्य कशाला म्हणावे ते दिले आहे, आणि त्यात लष्कराने आयोजित केलेले वा परवानगी दिलेले खेळही येतात. म्हणजे युनिटच्या व्हॉलीबॉलमध्ये निखळलेला खांदा हा कर्तव्यावरचाच खांदा आहे.

२ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात हे सगळे नियम एकत्र बांधून दिले. त्या शिपायाला फेफऱ्याचा विकार होता, सिग्नल्समध्ये होता, २० टक्के अपंगत्व ठरवून १९९४ साली घरी पाठवलेला. मंडळाने विकार 'शारीरिक घडणीचा' म्हणून हात झटकले होते. न्यायालयाने विचारले की, कारण कुठे दिले आहे? भरतीच्या वेळी हा विकार ओळखू येण्यासारखा नव्हता असे मंडळाला म्हणायचे असेल तर ते कारणांसह लिहावे लागेल. नुसता शेरा चालणार नाही. २०१४ साली सुखविंदर सिंग प्रकरणात आणखी पुढे जाऊन सांगितले की, ज्याला अपंगत्वामुळे सेवेतून काढले त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिकच मानावे. त्याच वर्षी १० डिसेंबरला राम अवतार प्रकरणात ठरले की, टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळेल.

हा शेवटचा मुद्दा पैशांत मोजून दाखवतो, कारण आपल्या माणसाला टक्के कळत नाहीत, रुपये कळतात. पूर्ण म्हणजे शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. समजा एखाद्या नायकाचा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता आणि खांद्याचे अपंगत्व २० टक्के ठरले. सरळ हिशेबाने महिन्याला २,४०० रुपये होतात. पण पन्नासच्या आतले अपंगत्व पन्नास धरायचे, असा हा टप्प्याचा नियम आहे. मग तीच रक्कम ६,००० होते, वर महागाई भत्ता, आणि तीही नेहमीच्या पेन्शनशिवाय. फाटकावरच्या बारा तासांच्या ड्युटीला नागपुरात किती मिळतात ते वाचकांना माहीत आहे. सहा हजारांत ती ड्युटी सुटत नसेल, पण बाराचे आठ तास होऊ शकतात, आणि पोरीचे कॉलेज सुटत नाही.

न्यायालये प्रत्येक वेळी शिपायाच्या बाजूने गेली असेही नाही, आणि आम्ही वाचकांना भुलवणार नाही. सुट्टीवर असताना खासगी कामात झालेला अपघात सेवेशी जोडता येणार नाही, असे २०११ साली जुझार सिंग प्रकरणात ठरले. डिसेंबर २०१९ मध्ये राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, पूर्ण मुदतीनंतर निवृत्त झालेल्याचे अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली असेल तर अपंगत्वाची रक्कम नाही. म्हणून खांदा तपासणाऱ्या मंडळाने वीस लिहिले की एकोणीस, यावर एका घराचे पुढचे तीस-चाळीस वर्षांचे गणित टांगलेले असते. हात किती अंशांपर्यंत वर गेला, हे मोजताना कुणी नीट मोजले, कुणी नजरेने.

आता आम्ही त्या आकड्याकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अपंगत्व पेन्शनची तपासणी केली. २०१५-१६ ते २०१९-२० या वर्षांत निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अधिकारी अपंगत्वाची रक्कम घेऊन गेले. अधिकारीपदाखालच्या, म्हणजे शिपाई ते सुभेदार या वर्गात ते प्रमाण १५ ते १८ टक्के होते. खंदकात कोण राहतो, पिट्ठू कोण वाहतो, रस्सा कोण चढतो? आणि अपंग कोण ठरतो?

अधिकारी पन्नाशी ओलांडून निवृत्त होतो, शिपाई पस्तीस-चाळिशीत, म्हणून वयाचा फरक पडणार, हे आम्हालाही कळते. अधिकाऱ्यांच्या बऱ्याच प्रकरणांत रक्तदाब आणि मधुमेह आहे, तेही महालेखापरीक्षकांनी नोंदवले आहे. एखाद्या अधिकाऱ्याला रक्तदाबाची पेन्शन मिळाली तर आमच्या पोटात दुखत नाही, नियमाप्रमाणे ती त्याचीही आहे. पण वयाने सगळा फरक भरून निघत नाही. अधिकाऱ्याला कागदाची किंमत ठाऊक असते. कोणत्या फॉर्मवर कुणाची सही लागते, मंडळापुढे काय बोलायचे, नकार आला तर किती दिवसांत अपील करायचे, हे त्याच्या बोलण्या-उठण्यातच असते. शिपाई मंडळापुढे 'यस सर' म्हणून उभा राहतो. हात दुखतो का विचारले तर दुखत नाही म्हणतो, कारण सतरा वर्षे त्याला तेच शिकवले.

आणि शिपाई कोण आहे? विदर्भाच्या खेड्यांतला बहुजनाचा पोरगा. आपल्या समाजाचे फौजेशी नाते अर्जाच्या मार्गाने गेलेले आहे, हे विसरता येत नाही. लढाऊ जाती ठरवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा अर्ज लिहायला बसले ते गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेचे पेन्शनर होते. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तोच अर्ज विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत नेला. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात वाढलेल्या बाबासाहेबांनी १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीत बसून तो प्रश्न पुढे रेटला आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आत शिरण्यासाठी तीन पिढ्यांनी अर्ज लिहिले. बाहेर पडताना मात्र आपला माणूस अर्ज लिहायला कंटाळतो. आमच्या हुडकेश्वरच्या नायकाने पहिले अपील केले, चार ओळींचा नकार आला, आणि त्याने तो कागद ट्रंकेत टाकला. दुसऱ्या अपिलाची सोय आहे हे त्याला कुणी सांगितले नाही. त्याला नऊ वर्षे झाली.

सरकारचे वागणे याहून चीड आणणारे आहे. शिपाई कसाबसा लवादापर्यंत पोहोचतो, जिंकतो, आणि सरकार त्याच्याविरुद्ध वर जाते. २०१५ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणांत सैनिकांविरुद्ध अशी अपिले लढवत बसू नयेत, असा त्या समितीच्या अहवालाचा कल होता. त्यानंतर दहा वर्षांनी काय दिसले? मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला गवस प्रकरणात पुन्हा सांगावे लागले की, आजार शांत ठिकाणी उद्भवला एवढ्याने पेन्शन नाकारता येत नाही. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्राच्या सुमारे ३०० याचिका एका फटक्यात फेटाळल्या. एका मुद्द्यावर तीनशे याचिका! त्या प्रत्येकीमागे एक शिपाई किंवा अधिकारी, एक वकील आणि वाट पाहणारी वर्षे आहेत. सरकारी वकिलाची फी आपल्याच करातून जाते, ही वेगळी गंमत.

त्यात २१ सप्टेंबर २०२३ पासून नवी नियमावली आली. अपंगत्व असूनही सेवेत राहिलेल्यांना जे मिळते त्याला आता 'इम्पेअरमेंट रिलीफ' असे नाव दिले आहे. पेन्शन हा शब्द तिथून गेला. माजी सैनिकांनी त्यावर आवाज उठवला आहे. त्याआधी जून २०२२ मध्ये अग्निपथ आले. हुडकेश्वर रोडवर पहाटे पाच वाजता भरतीसाठी धावणारी आमची पोरे आता अग्निवीर होण्यासाठी धावतात. अग्निवीराचा खांदा सेवेत निकामी झाला तर पेन्शन नाही, एकरकमी पैसे आहेत. अपंगत्व शंभर, पंचाहत्तर की पन्नास टक्के यावरून ४४, २५ किंवा १५ लाख. रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण त्यासाठीही अपंगत्व सेवेमुळेच झाले हे ठरावे लागते. म्हणजे नाना तिथेही दारात बसलेला आहेच.

अमेरिकेकडे पाहून आपण हुरळून जावे असे नाही, तिथेही माजी सैनिक अपिलांच्या रांगेत वर्षे काढतात. पण खांद्याच्या बाबतीत दोन गोष्टी तिथून उचलण्यासारख्या आहेत. तिथल्या कोष्टकात खांद्याचे टक्के ठरवताना हात किती वर जातो हे पाहतात, आणि माणूस ज्या हाताने काम करतो त्या हाताला जास्त टक्के देतात. दुसरी गोष्ट, १९९५ साली तिथल्या माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने डिलुका नावाच्या, खांद्याच्याच प्रकरणात सांगितले की, तपासणीच्या टेबलावर हात किती फिरला एवढे मोजून भागणार नाही, दुखण्यामुळे तो रोजच्या कामात किती निकामी होतो हेही लिहिले पाहिजे. आमच्या नायकाचा हात टेबलावर कदाचित खांद्याच्या पातळीपर्यंत जाईलही. बारा तासांच्या ड्युटीच्या दहाव्या तासाला तो कुठपर्यंत जातो, हे कुठल्या फॉर्ममध्ये लिहिणार?

तर बांधवांनो, ज्यांच्या घरात असा कागद ट्रंकेत पडला असेल त्यांनी तो बाहेर काढावा. आधी पाहा, त्यावर टक्के किती लिहिले आहेत आणि शेरा काय आहे. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचे कागद, म्हणजे एएफएमएसएफ-१६, तुमच्याकडे नसतील तर माहितीच्या अधिकारात तुमच्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. सोबत इस्पितळात दाखल झाल्याच्या नोंदी आणि जखमेचा अहवालही मागा. ज्यांना पेन्शनच नाही, मुदतीआधी घरी पाठवले, त्यांनी तर घाई करावी, कारण पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची पद्धत आहे. अहवाल बनलेलाच नसेल तर त्या वेळी सोबत असलेल्या दोघा साथीदारांची शपथपत्रे घ्या. रस्स्याखाली उभे असलेले लोक अजून जिवंत आहेत, कुणी अमरावतीला, कुणी बुलढाण्याला.

नकार आला असेल तर पहिले अपील, ते फेटाळले तर दुसरे, प्रत्येकाला सहा महिने. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, जे ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. तिथेही हरलात तर उच्च न्यायालयाचे दार सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा उघडे करून दिले आहे. वकिलाच्या पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी 'वीर परिवार सहायता योजना' जाहीर केली आहे, तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदत द्यायची आहे. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ती खिडकी कुठे आहे ते विचारा. नुसते विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

खूप वर्षे झाली म्हणून आता काय उपयोग, असे आमच्या नायकासारखे म्हणू नका. २००८ सालच्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने नाकारला जातो, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही. मात्र मागची थकबाकी मिळते ती दावा दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच. नायकाची नऊ वर्षांपैकी सहा गेली. पुढचा महिना दावा न करता गेला की आणखी एका महिन्याची थकबाकी गेली. त्याच्यासाठी साथीदारांची दोन शपथपत्रे आम्ही मिळवली आहेत, तिसरा साथीदार उमरेडला राहतो, त्याच्याकडे येत्या रविवारी जायचे आहे.